पट्टी कुणी खाल्ली?

रंगनाथतात्या कुणावर विश्वास ठेवत नसत, आणि ही गोष्ट ते चारचौघांत अभिमानाने सांगत. श्रीरामपूरच्या आमच्या फर्निचरच्या कारखान्यात ते हेडमिस्त्री होते. मी तिथं घासकाम आणि पॉलिश करायचे, अजूनही करते. माझी जागा खिडकीपाशी, कटिंग मशीनच्या बरोबर समोर. त्यामुळे अकरा वर्षं मी त्या माणसाला समोरून पाहिलं, आणि अकरा वर्षं त्यांनी मला संशयाने पाहिलं. पहिल्याच दिवशी माझ्या डब्याकडे बघून ते म्हणाले होते, "एवढा मोठा डबा? एकल्या बाईला?" त्यांना वाटलं, ही डब्यातून स्क्रू नेणार. डब्यात भाकरीच असते याची त्यांनी आठवडाभर खात्री करून घेतली आणि मगच माझं नाव विचारलं.

गाव त्यांचं शनिशिंगणापूरच्या बाजूचं. तिथं घरांना दारं नसतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. अशा बिनदाराच्या घरात वाढलेल्या माणसाने आपल्या हत्यारपेटीला दोन-दोन कुलपं लावावीत, याची आम्ही फार चेष्टा करायचो. तात्यांचं उत्तर ठरलेलं असे. "तिथं राखायला देव हाय. हितं कोन हाय? मालक?" एवढं बोलून ते मालक आसपास नाहीत ना, हे मान वळवून बघून घेत.

त्यांचा संशय माणसांपुरता नव्हता. टेपच्या टोकाची पत्र्याची आकडी ढिली होते आणि माप खाते, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. म्हणून दुसऱ्याने घेतलेलं माप ते स्वतःच्या टेपने पुन्हा घेत, आणि स्वतः घेतलेलं दोनदा घेत. एसटी स्टँडवर नेवाशाची गाडी लागली तरी नुसती पाटी वाचून ते चढत नसत. आधी कंडक्टरला विचारत, मग ड्रायव्हरला, आणि आत बसल्यावर शेजारच्या बाईला. तिघांचं उत्तर एकच आलं, की तिघं इतक्या एकमताने कशी बोलतात, असा नवाच घोर त्यांना लागे.

एकदा मालकांच्या मुलाने पुण्याहून कोन मोजायचं बॅटरीवरचं यंत्र आणलं. तात्यांनी ते भिंतीला लावून पाहिलं, टेबलाला लावलं, चहाच्या ग्लासाला लावलं आणि शेवटी मालकांच्या मुलाच्या पाठीला लावलं. मग परत देत म्हणाले, "आकडा बरुबर आसंल. पर ह्याला कोन सांगतंय, ते मला कळंना." त्याच आठवड्यात त्या यंत्राची बॅटरी संपली आणि तात्या महिनाभर खुशीत होते.

पण त्यांचं खरं राज्य होतं कटिंग मशीनवर. लोखंडी टेबल, मधोमध फट आणि फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं. त्या फटीत, पात्याच्या दोन्ही बाजूंनी, टेबलाच्या पातळीत बसणारी एक पट्टी असते, हाताने काढता-घालता येणारी. तिला आमच्याकडे खास नाव नव्हतं, नुसतं पट्टीच म्हणायचो. तिच्यातली चीर पात्याच्या जाडीएवढीच हवी. चीर रुंद झाली की कापलेल्या लाकडाची बारीक कड आत पडते, दात्यात अडकते आणि गोफणीतून सुटल्यासारखी येते. आता तिरका काप घ्यायचा तर पातं कलतं करावं लागतं. कललेलं पातं सरळ चिरीत मावत नाही, ते सरळ पट्टीलाच खातं. म्हणून तिरक्या कापाला वेगळी पट्टी, रुंद चिरीची. तात्यांनी दोन्ही पट्ट्या स्वतः बनवल्या होत्या. सरळ कापाची शिसवी, काळी. तिरक्या कापाची लाल रंग दिलेली.

मशीनबरोबर आलेली मूळची अॅल्युमिनियमची पट्टी भिंतीवर खिळ्याला टांगलेली असे. फार पूर्वी कुणीतरी ती न काढताच पातं कलवून मशीन चालू केलं होतं. तिचा मोठा लचका गेलेला होता आणि पात्याचा एक दात उडून वरच्या वाशात घुसला होता. नवा माणूस कामाला आला की तात्या त्याला आधी तिच्यापुढे उभं करत. "कुनी केलं आसंल हे?" तो बिचारा म्हणे, "कुनीतरी येड्यानं." तात्या मान हलवत. "येड्यानं न्हाई. आपन पट्टी बदलली, आसं ज्याला वाटलं हुतं, त्यानं. लाकूड माफ करतं, लोखंड करत न्हाई. म्हनून मी लाकडाची पट्टी करतो."

मग पाठांतर सुरू होई. मेन स्विच पाड. पातं खाली घे. काळी पट्टी काढ. पातं कलव. लाल पट्टी बसव. आता हातानं पात्याला एक फेरा दे आन् कान लाव, घासलं तर ते बोलंल. मगच स्विच. परत सरळ येताना हेच सगळं उलटं. पंधरा दिवस हे म्हणून दाखवल्याशिवाय मशीनला हात लावायची परवानगी नसे. मला मशीनशी काही देणंघेणं नव्हतं, तरी माझंही ते पाठ झालं. कधी कधी भाकरी करताना मी मनात म्हणते.

मशीनच्या पोटात, टेबलाखाली, पातं कलवायची चाकं आणि बोल्ट असत. पोटाला छोटं दार होतं. त्यालाही तात्यांनी कुलूप घातलं होतं, कारण आत कुणी हात घातला तर 'लावलेलं हालंल.' पातं सरळ उभं झालं की चाक जिथं येऊन अडतं, तो बोल्ट तात्यांनी मशीन आणलं त्या दिवशी स्वतः लावला होता. जगात त्यांचा एकाच वस्तूवर भरवसा होता, आणि ती म्हणजे तो बोल्ट. दर शनिवारी ते सगळ्यांना बाहेर पाठवून एकटे पोट उघडत आणि भुसा साफ करत.

त्यांच्याशिवाय मशीनवर फक्त भास्कर काम करी. भास्कर मिरजगावचा, हाताने अतिशय स्वच्छ. तात्यांचा त्याच्यावर विश्वास होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या बाबतीत त्यांचा संशय जरा बसून होता, एवढंच.

तर झालं असं. भास्करच्या वस्तीतल्या विहारात बुद्धमूर्ती बसवायची ठरली. मूर्तीखाली आठ बाजूंची सागवानी बैठक करायची होती. वस्तीने मिळून सागाच्या फळ्या घेतल्या आणि मालकांनी आमच्या मशीनवर काम करायला हो म्हटलं. भास्करच्या वडिलांचं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. त्यांनी वस्तीच्या बैठकीत सगळ्यांपुढे सांगून टाकलं होतं, "कापंल तर माझाच पोरगा कापंल." आठ फळ्या, प्रत्येकीच्या दोन्ही कडा तिरक्या, म्हणजे सोळा काप. कोन केसभर चुकला तर आठवी फळी पहिलीला मिळत नाही. साग फक्त तेवढाच होता, म्हणून भास्कर महिनाभर रद्दी लाकडावर सराव करत होता. जेवणाच्या सुट्टीत पातं कलव, काप, परत सरळ कर, असं त्याचं चाले.

मूर्ती बसायला पंधरा दिवस राहिले असतील. सकाळी तात्या सरळ काप घेत होते. एकदम सणकन आवाज झाला. लाकडाची एक कड त्यांच्या कानाजवळून येऊन माझ्या पॉलिशच्या डब्यावर आदळली. तात्यांनी मशीन बंद केलं, काळी पट्टी उपसली आणि उजेडात धरली. चिरीची एक बाजू कुरतडलेली होती.

"पट्टी कुनी खाल्ली?"

कारखान्यात आम्ही सात जण.  तात्या एकेकासमोर जाऊन उभे राहिले आणि शेवटी माझ्याकडे आले. "सुशीलाबाई, तुमी समोर बसता. काल पातं कितींदा कलवलं भास्करनं?"

"दोनदा," मी म्हणाले. ते खरंच होतं. पण दोन्ही वेळा त्याने पट्टी बदललेली मी पाहिली होती, आणि ते मी बोलले नाही. विचारलं नाही म्हणून बोलले नाही, असं तेव्हा मनाला सांगितलं. खरं म्हणजे संशय आपल्यावरून दुसरीकडे वळला की माणसाला हायसं वाटतं. मलाही वाटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

"तात्या, पट्टी बदलल्याबिगर मी पातं हालवलं न्हाई," भास्कर म्हणाला.

"समदे आसंच म्हनत्यात. उद्यापास्नं तू चिकटकामाला."

दुपारी भास्कर माझ्यापाशी येऊन बसला. चहा त्याने तसाच ठेवला. "ताई, सात जन हायेत हितं. पहिला संशय माझ्यावरच का आला, मला ठाव हाय."

"अरे, ते देवावरसुद्धा संशय घेतात."

"घेत्यात सगळ्यांवर. मशीनवरनं काढलं कुनाला?"

 तात्यांच्या तोंडून जातीचा शब्द मी कधी ऐकला नव्हता. पण मनातलं कुणी ऐकलंय? त्या दिवसापासून मी तात्यांकडेही निराळ्या नजरेने बघायला लागले. कारखान्यात कुणी कुणाशी धड बोलेना. जो तो आपली हत्यारं उचलून उशाशी घेतल्यासारखा बसायचा.

दोन दिवसांनी तात्या भास्करकडे गेले. "तुझ्या फळ्या मी कापून देतो. कामाचं काई घेनार न्हाई."

"नको. कापल्या न्हाईत तरी चालंल. हायेत तशा परत नेईन," भास्कर म्हणाला. त्याच्या वडिलांचा शब्द वस्तीपुढे पडलेला होता. फळ्या परत नेणं म्हणजे काय, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

तात्यांनी नवी काळी पट्टी बनवली. आता मशीनवर ते एकटेच. आणि आठवडा व्हायच्या आत नवी पट्टीही त्याच बाजूने कुरतडली गेली.

तात्यांचा चेहरा त्या दिवशी बघवत नव्हता. त्यांनी ठरवलं, की जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी चोरून मशीन चालवतं. पातं कलवायच्या चाकाला त्यांनी डिंकाने दोरा चिकटवला. जेवायला जाणं सोडलं आणि स्टुलावर बसून पहारा दिला. दोरा तुटला नाही. मशीनजवळ कुणी फिरकलं नाही. दुपारनंतर त्यांनी स्वतः दोन तिरके काप घेतले, पातं सरळ केलं, काळी पट्टी घातली आणि काम सुरू केलं. संध्याकाळी चिरीची कड आणखी थोडी गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज अगदी खाली. "सुशीलाबाई, आज माझ्यावर नजर ठेवा. मी चुकतो का, ते बघा."

अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं ते एवढंच. मी काम बाजूला ठेवलं. त्यांनी प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणत केली, नवा माणूस म्हणतो तशी. मेन स्विच पाडला. पातं खाली. काळी काढली. पातं कलवलं. लाल बसवली. हाताने फेरा दिला. एक तिरका काप घेतला. मग सगळं उलटं करत परत सरळ. चाक अडेपर्यंत फिरवलं, कोन दाखवणारी सुई शून्यावर आली, काळी पट्टी बसली, फेरा दिला. पातं खाली होतं तोवर काही घासलं नाही. "चुकलो?" "नाही तात्या."

त्यांनी मशीन चालू केलं आणि हळूहळू पातं वर घेतलं. पॉलिशवाल्याची नजर आडव्या उजेडावर तयार होते. पात्याच्या उजव्या बाजूला काळ्या भुकटीची बारीक रेघ टेबलावर साचताना मला दिसली. तात्या पांढरं लाकूड कापायचे. काळा भुसा फक्त पट्टीचाच असू शकत होता.

"तात्या, गुण्या लावा," मी म्हणाले.

त्यांनी मशीन बंद केलं, काटकोनाचा गुण्या पात्याला भिडवला आणि वाकून पाहिलं. सुई शून्य दाखवत होती. गुण्या आणि पातं यांच्यामध्ये खाली उजेडाची फट होती. पातं सरळ उभं होतच नव्हतं.

तात्यांनी पोटाचं कुलूप काढलं. पण खाली बसायला गेले आणि अर्ध्यात थांबले. गुडघा वाकेना. टेबलाला धरून पुन्हा प्रयत्न केला, तोही जमला नाही. शेवटी मीच बसले आणि आत बॅटरी मारली. पोट भुशाने गच्च भरलेलं. त्यांच्या त्या बोल्टवर भुशाचा, लाकडाच्या चिकाने दगड झालेला, बोटभर थर बसला होता. चाक बोल्टवर न अडता त्या थरावर अडत होतं. भास्करच्या सरावाचा भुसाही त्यात होता, पण दर शनिवारी पोट साफ झालं असतं तर थर बसलाच नसता.

मी वर पाहिलं. तात्या माझ्या नजरेला नजर देईनात.

"चार महिनं झालं," ते म्हणाले. "गुडघं वाकत न्हाईत. समद्यांना भायेर काढायचो, दार उघडायचो आन् आर्धा तास नुसता स्टुलावर बसायचो. मालकाला कळलं आसतं तर घरी बसवलं आसतं."

मला राग आला. किती आला म्हणून सांगू! एवढा मोठा पहारेकरी, आणि चोरी स्वतःच्या गुडघ्याची. भास्करला किंवा कुणालाही सांगितलं असतं, तर दहा मिनिटांचं काम होतं. पण सांगायला विश्वास लागतो, आणि तो त्यांच्यापाशी नव्हता. तरी मी उठले आणि त्यांना हाताला धरून स्टुलावर बसवलं.

त्यांनी सगळ्यांना बोलावलं. लपवलं काहीच नाही. गुडघे, शनिवार, भुसा, सगळं सांगितलं. मग भास्करकडे वळले. "भास्कर, तुझी चूक नव्हती. मशीन तुझं. आजच काप तुझ्या फळ्या."

आम्हाला वाटलं, मिटलं. भास्कर जागचा हलला नाही.

"तात्या, मशीननं सांगितलं म्हनून तुमी आज मानलं. मशीन चांगलं निघालं आसतं तर?"

तात्यांनी पोटाच्या कुलपाची किल्ली टेबलावर ठेवली आणि ते बाजूला झाले.  

भास्करने फळ्या कापल्या, पण आधी पोट साफ केलं, बोल्ट घासला आणि नव्या पट्टीत नवी चीर पाडून घेतली. सोळा काप व्हायला सगळी दुपार गेली. तात्या माझ्या खिडकीपाशी येऊन, मशीनकडे पाठ करून बसले. एकदाही वळले नाहीत. प्रत्येक कापाच्या आवाजाला त्यांची मान ताठ व्हायची, तेवढंच. आठवी फळी पहिलीला मिळाली तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. तात्या तेव्हाही वळले नाहीत. सुट्टीची वेळ झाल्यावर उठले आणि मालकांच्या खोलीत जाऊन गुडघ्यांचं स्वतःच सांगून आले. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मिरजगावात, मूर्ती बसली त्या दिवशी. बैठक घेऊन आम्ही कारखान्याचे लोक टेम्पोने गेलो होतो. तात्यांनाही फोन केला होता. "वळख ना पाळख, मी कशाला येऊ?" म्हणाले होते. आणि दुपारी बघते तर विहाराच्या दाराबाहेर उन्हात उभे, एकटेच, एसटीने आलेले. मी पुढे होणार, एवढ्यात भास्करचे वडील त्यांच्याकडे गेले.

"कोन पायजे?"

"मी रंगनाथ मिस्त्री. भास्कर माझ्या हाताखाली हुता."

"आरं, मग भायेर का? या की आत."

"आदी ऐका. तुमच्या पोरावर मी आळ घेतला हुता. खोटा. मशीनची चूक घावली म्हनून त्यो सुटला. न्हाईतर मी त्याला जलमभर खोटाच म्हनलो आसतो."

वडिलांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "त्यानं आमाला सांगितलं न्हाई."

"त्यो न्हाई सांगायचा. म्हनून मी आलो."

म्हाताऱ्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "आळ घेतला त्यो आमी कोन हाय ते बघून का?"

 तात्या नाही म्हणतील, असंच मला वाटलं. माझ्या ओळखीतला कुणीही नाहीच म्हणाला असता.

"न्हाई, आसं तोंडावर आलंय माझ्या," तात्या म्हणाले. "पर माझा आता माझ्यावर बी भरवसा न्हाई. आसंल बी."

 आत लोक जमत होते, कुणी मेणबत्त्या लावत होतं. मग म्हाताऱ्याने बाजूला बोट दाखवलं. "चपला हितं काढा."

तात्या चपला काढून आत गेले. मूर्तीपाशी भास्कर उभा होता. त्याने तात्यांना पाहिलं. तो हसला नाही, पुढेही आला नाही. लोक खाली सतरंजीवर बसत होते. तात्या टेबलाला धरावं तसे भिंतीला धरून उभेच राहिले. भास्करने थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातली एक खुर्ची उचलली आणि आणून आपल्या शेजारी ठेवली.